गादीमावशीच्या चौदा जोड्या

गादीमावशी गेली त्याला पाच आठवडे झाले. दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाही. हॉलच्या टेबलावर फोन आला तेव्हा मी नव्या मुलांचे फॉर्म लावत होते. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे चार फॉर्मही लावले. मग आपण काय ऐकलं ते मला कळलं.

तिच्याबद्दल कुठं काही छापून येणार नाही. पस्तीस वर्षं तिनं जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये गाद्या शिवल्या आणि घाबरलेल्या मुलांना पडायला शिकवलं. तिच्याविषयी लिहायचं तर मला एका गुरुवारविषयी लिहावं लागतं. तीन वर्षं मी तो टाळला.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. वर पत्रे. खिडक्या इतक्या उंच की त्यांतून फक्त आभाळ दिसतं. आत रबराचा, घामाचा आणि हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा वास. ती पावडर सगळीकडे बसते, माझ्या रजिस्टरवरही. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिरक्या छताची एक खोली आहे. तिथं मावशीचं मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, मेण लावलेला दोरा, वाकड्या सुया आणि स्पंज कापायची हातभर लांब सुरी. मी त्या खोलीत गेले की डोकं आपटायचं. मावशीचं कधी आपटलं नाही.

"मला देवानं या खोलीच्या मापानं कापलंय," ती म्हणायची. "वर शिवणीलासुद्धा कापड सोडलेलं नाही."

तिच्या वडिलांचं खुर्च्यांची आणि सोफ्यांची कव्हरं शिवायचं दुकान होतं. हॉलमधल्या गाद्या फाटल्या की तिथं यायच्या. एकदा सगळ्यात मोठी गादी हॉलच्या दारातून बाहेर निघेना. म्हणून वडिलांनी मुलीलाच मशीनसकट हॉलमध्ये पाठवलं. चार दिवसांचं काम होतं. "ते अजून चालू आहे," असं ती नव्या माणसाला सांगायची. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "दोनदा ठरलं, दोनदा उसवलं." पुढं विचारायची कुणाची हिंमत नसे. ती धाकट्या भावाकडे राहायची. भाऊ चष्म्याच्या दुकानात होता.

मी साहित्यात एम.ए. करून या टेबलावर आले. दुसरं काही मिळेपर्यंत, असं ठरवून. पहिल्याच दिवशी मावशीनं मला विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे वाचायचं काम. छान. बसून करता येतं." तेव्हापासून मी पंडित झाले. "पंडित, चहा." "पंडित, या दोऱ्याचं टोक दिसतंय का तुला, मला दिसत नाही." आमच्या वयात पस्तीस वर्षांचं अंतर होतं. तरी दुपारचा डबा आम्ही रोज त्या खोलीत एकत्र खायचो, ती मशीनच्या स्टुलावर आणि मी रेक्झिनच्या गठ्ठ्यावर.

ती कधी बीमवर, त्या छातीएवढ्या उंच अरुंद फळीवर, चढली नव्हती. कोलांटीउडीसुद्धा मारली नव्हती. पण इतकी वर्षं ती जमिनीवर बसून फाटक्या गाद्या शिवत होती, आणि शिवताना बघत होती. "उभ्या माणसाला पोराचं तोंड दिसतं," ती म्हणायची. "बसलेल्याला पाय दिसतात. भीती आधी पायात येते. तोंडावर यायला वेळ लागतो. तोवर शिकवणारा ओरडून मोकळा झालेला असतो."

एखादं मूल नवीन काही शिकताना अडलं की ते तिच्याकडे यायचं. कुणी पाठवायचं नाही. ते आपलं आपण येऊन सुई ओवून द्यायचं, मग बसून राहायचं. थोड्या वेळानं मावशी म्हणायची, "चल, पडू या."

हॉलच्या कोपऱ्यात स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला खड्डा आहे. मावशी चष्मा काढून माझ्या हातात द्यायची, खड्ड्याकडे पाठ करायची, हात छातीवर घ्यायची आणि सरळ मागे पडायची. पन्नाशी उलटलेली बाई. ठोकळ्यांत पार दिसेनाशी व्हायची. मग आतून आवाज यायचा, "हं, काढा आता." तिला बाहेर काढायला चार मुलं लागायची आणि चौघंही हसून हसून निकामी झालेली असायची. मग त्या मुलाची पाळी. कसं पडायचं, हनुवटी कुठं ठेवायची, हात मागे का टेकायचे नाहीत. आठवडाभर फक्त पडणं. "ज्याला पडता येतं त्याला थोडंच भ्यायचं उरतं," असं तिचं म्हणणं होतं.

आमचे सरही त्याच खड्ड्यातून निघालेले. नऊ वर्षांचे असताना तिथं रडत बसले होते, म्हणे. आता ते मुख्य प्रशिक्षक. चारचौघांत मावशी त्यांना "अहो सर" म्हणायची. खोलीत आले की "काय रे, जेवलास का?"

टाचणी अकरा वर्षांची होती. हे नाव मावशीनंच ठेवलेलं. बारीक, ताठ, आणि डोक्यावर केसांचा घट्ट गोळा. एका वर्षात ती चार बोटं वाढली. आणि आदल्या वर्षी जमत असलेली एक गोष्ट तिला जमेना.

मुलं तिला 'मागची' म्हणतात. बीमवर उभं राहून मागे झेप घ्यायची, हात बीमवर टेकायचे, पाय वरून आणून पुन्हा बीमवर उभं राहायचं. बीम दहा सेंटीमीटर रुंद आहे. मधे एक क्षण असा येतो की काहीच दिसत नाही. जमिनीवर टाचणी सलग पाच मागच्या करायची. बीमवर चढली की हात वर करून उभी राहायची. नुसती उभी.

"टाचणे, बस यायचीय का?" सर खालून म्हणायचे. मुलं हसायची. तीसुद्धा हसायची. पण उडी यायची नाही.

सहा आठवड्यांवर निवड होती. मागची जमली तर ती मोठ्या गटात जाणार होती. तिच्या तिघी मैत्रिणी जाणार हे नक्की होतं. नाही जमली तर ती खालच्या गटात, आठ-आठ वर्षांच्या पोरींबरोबर. तिला दुसरं काही नको होतं. पदक नको, नाव नको. त्या तिघींबरोबर राहायचं होतं.

तिची आई पॅथॉलॉजीत होती, रक्त काढायचं काम. एक दिवस ती थेट मावशीच्या खोलीत आली.

"मावशी, हिला काय झालंय? झोपेतसुद्धा हात वर करते."

"काही झालं नाही. पाय लांब झालेत. तिला अजून कुणी कळवलं नाही."

"मी म्हटलं, भीती वाटत असेल तर सोडून दे. तर जेवायचीच थांबली."

"मग सोडायचं नाहीये तिला. भ्यायचंय आणि करायचंय. होईल."

आई म्हणाली, "मी रोज सुया टोचते. कुणाला दुखणार नाही असं खोटं सांगत नाही. 'टोचतेय' एवढं म्हणते. तेवढ्यानं लोक हात देतात."

"तेच," मावशी म्हणाली. "तेच काम आहे हे."

पुढच्या दोन दिवसांत मावशीनं अठ्ठावीस पातळ गाद्या शिवल्या. हिरव्या, प्रत्येक चार बोटं जाड. चौदा बीमच्या डाव्या बाजूला, चौदा उजव्या. रचल्यावर त्या जवळजवळ बीमला भिडल्या. बीम मग उंच राहिलाच नाही. दोन हिरव्या ओट्यांच्या मधली फळी झाला.

टाचणीला तिनं समोर बसवलं. मी डबा खात होते म्हणून ऐकलं.

"रोज शेवटी एक जोडी काढायची. या बाजूची एक, त्या बाजूची एक. तू काढायचीस."

"आणि भीती वाटली तर?"

"तर काढायची नाही. फारच वाटली तर काढलेली परत घालायची. तीही तूच."

"सर रागावतील."

"सर माझ्यावर रागावतील. त्यांना सवय आहे. पण एक गोष्ट. या गाद्यांना तुझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही. तू चढलीस की खाली किती आहेत ते तुला माहीत असेल. बघावं लागणार नाही."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर गाद्या इथंच राहतील. मला कुठं नेऊन विकायच्यात."

पहिल्या दिवशी टाचणीनं चौदा जोड्यांवर मागची केली. दुसऱ्या दिवशीही. मग तेरा, बारा, अकरा. अकरावर पाय घसरला, ती कुशीवर पडली, एवढंसं पडणं, आणि तिनं एक जोडी परत घातली. सर माझ्या टेबलाशी उभे होते. "पुढं जायचं सोडून ही मागे चाललीय," ते म्हणाले. पण दोन दिवसांनी तिनं एकदम दोन काढल्या. मावशीनं कौतुक केलं नाही. "उद्या किती?" एवढंच विचारलं. टाचणी म्हणाली, "दहा." ते दहा म्हणतानाचा तिचा आवाज मला आठवतो. स्वतःच्या वहीवर नाव घालावं तसा.

मावशी हात देत नसे. ती फक्त बीमच्या टोकाशी उभी राहायची, टाचणीला दिसेल अशी. सरावाआधी मात्र दोन्ही बाजूंच्या गाद्यांवरून तळहात फिरवून यायची.

निवडीआधीच्या गुरुवारी सहा जोड्या उरल्या होत्या. निवड रविवारी. त्या दुपारी मावशी नव्हती. डोळे दाखवायला जाऊन येते म्हणाली होती. हॉल रिकामा होता. सर माझ्याजवळ आले.

"किती राहिल्या?"

"सहा."

"आणि दिवस?"

"तीन."

"गणित तुम्हीच करा. तुम्ही शिकलेल्या."

"पण सर, मावशी..."

"मावशींचं सगळं बरोबर आहे. फक्त निवड मावशींच्या सवडीनं होत नाही. पोरीच्या अंगाला जमतंय, डोकं आडवं येतंय. दोन जोड्या काढून ठेवा. ती चारवर करेल, तिला कळणारही नाही. केल्यावर सांगू. हुरूप येईल. रविवारपर्यंत खाली येईल."

सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं असं की मला ती कल्पना आवडली. मुलगी नकळत धीट होते आणि मग तिला कळतं. मला त्यातली गोष्ट आवडली. मी चार गाद्या काढल्या, एकेक करून ओढत नेल्या आणि मोठ्या गादीच्या मागे उभ्या केल्या. बाकीच्या नीट सरळ केल्या. पाच मिनिटांचं काम होतं.

चारला मुलं आली. मावशी उशिरा आली. टाचणी तोवर अंग मोकळं करून बीमवर चढलेली होती. मावशी घाईनं येऊन टोकाशी उभी राहिली. त्या दिवशी तिनं गाद्यांवरून हात फिरवला नाही. टाचणीनंही खाली बघितलं नाही. बघायची गरज तिला कधी पडलीच नव्हती.

तिनं मागची केली. स्वच्छ. दुसरी केली. तिसरी केली. मी टेबलामागे उभी राहून हसत होते.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "टाचणे, आता खाली उतर आणि गाद्या मोज."

ती उतरली. मोजल्या. पुन्हा मोजल्या. दुसऱ्या बाजूला जाऊन त्याही मोजल्या.

"चार आहेत."

"चार. आणि तू केलंस. एकदा नाही, तीनदा. कळलं का, भीती कुठं आहे ते? डोक्यात आहे." सर खरंच खूश होते.

टाचणीनं सरांकडे बघितलं नाही. ती मावशीकडे वळली. "मावशी, तुला माहीत होतं?"

मावशी पुढं आली. वरच्या गादीवर तळहात ठेवला, मग हात कडेनं खाली नेला. एक, दोन, तीन, चार. मग तिनं मान वर केली. सरांकडे बघितलं. नंतर माझ्याकडे, जरा जास्त वेळ. सर पायांतली पावडर बुटानं सारखी करत होते. मी बोलायला हवं होतं. माझ्यापासून ती दहा पावलांवर होती.

"गाद्या माझ्या आहेत," मावशी म्हणाली.

"पण माहीत होतं का?"

"हो."

टाचणी रडली नाही. बाकावरचा टॉवेल उचलून आत गेली.

शुक्रवारी ती आली. चढायच्या आधी गाद्या मोजल्या. चढली. हात वर केले. मग खाली वाकून वरून पुन्हा मोजल्या. उतरली, मोजल्या. चढली. तासभर असंच. मावशीनं सगळ्या चौदा जोड्या परत रचून दिल्या. तरी ती मोजतच राहिली. मावशी टोकाशी उभी होती, पण टाचणीनं नजर तिकडे नेली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

रविवारी तिचं नाव पुकारलं. ती चढली. उभी राहिली. तिघी मैत्रिणी खालून "जमेल, जमेल" म्हणत होत्या. पंचांनी एकदा घंटी वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. मग ती बसली आणि पाय खाली सोडून उतरली.

सोमवारी आई आली. मावशीच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"मी अनोळखी माणसालासुद्धा सांगून टोचते, मावशी."

"हो."

"तुम्हाला ते मी याच खोलीत सांगितलं होतं."

"हो."

"बस. एवढंच म्हणायला आले होते."

मी आत गठ्ठ्यावर बसलेली होते. माझ्या मांडीवर उघडा डबा होता.

आई गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, गाद्या मी काढल्या."

"माहितीये. त्या संध्याकाळी तुझ्या बाहीला हात लागला. कोपरापर्यंत पावडर होती. टेबलावर बसणाऱ्या बाईला एवढी पावडर लागत नाही."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

ती सुईत दोरा ओवत होती. तीन वेळा चुकला. मग मला दिला. "मी तिला सांगितलं होतं, कुणी हात लावणार नाही. लावला. मी मोजल्या नाहीत. आता हात कुणाचा, याला काय महत्त्व."

"तिला महत्त्व आहे."

"तिला सर लागणार. सरांनी फसवलं म्हटलं तर ती उद्या कुणाकडे शिकेल. आणि तू तिचे निबंध बघून देतेस, तूही तिला लागणार. माझ्याकडून जे घ्यायचं ते तिचं घेऊन झालं होतं, असं मला वाटलं. पडता येत होतं. म्हटलं, माझ्यावर रागावेल, रागानं करून दाखवेल. पोरं दाखवतात." ती थांबली. "ते चुकलं माझं. ती सरांच्या जिवावर चढत नव्हती. गाद्यांच्याही नाही."

"मी सांगते तिला."

"सांग की. मी कुठं तुझं तोंड धरलंय."

मला आजही त्या वाक्याचाच त्रास होतो. तिनं मला अडवलं नव्हतं. शपथ घातली नव्हती. मी उद्या म्हणाले. मग टाचणीनं हॉल सोडला. म्हटलं, आता घरी जाऊन सांगायचं म्हणजे जखम उकरणं. मग शाळेच्या परीक्षा आल्या. मग इतके दिवस झाले की सांगताना आधी इतके दिवस का नाही, तेच सांगावं लागलं असतं. माणसाला गप्प राहायला कारणं कमी पडत नाहीत. मला तर शब्दांचंच शिक्षण मिळालेलं.

सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त त्यानंतर कित्येक महिने ते मावशीच्या खोलीत चहाला गेले नाहीत. मावशी त्यांचा कप भरून ठेवायची. थंड झाला की ओतून द्यायची.

त्याच महिन्यात मावशीनं अठ्ठावीस गाद्यांवर आकडे शिवले. एक ते चौदा, दोन-दोनदा. पांढऱ्या जाड दोऱ्यानं, वीतभर उंच, लांबून वाचता येतील असे. महिनाभर लागला. मी रोज समोर बसून डबा खायचे. तिनं एकदाही टोमणा मारला नाही. "पंडित, हा सात सरळ आलाय का बघ," असं विचारायची. मी "आलाय" म्हणायचे.

त्या गाद्यांवर नंतर आठ-दहा मुलं शिकली. दोघं मोठ्या गटात आहेत. नवं मूल आलं की मावशी तेच सांगायची, तू काढायचीस, तूच घालायची. पण "कुणी हात लावणार नाही" हे वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. त्याऐवजी म्हणायची, "चढायच्या आधी आकडा वाच. रोज वाच. मी आहे म्हणून सोडू नकोस." बरोबरच होतं ते. जास्त शहाणपणाचं होतं. तरी ते ऐकताना मी फायलीत तोंड घालायचे.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिच्या भावाकडे गेले. छोटं घर, जिन्याखाली बूट, खिडकीत तिचं घरचं मशीन. भाऊ बोलका निघाला. दुःखात काही माणसं होतात तसा. तो म्हणाला, "ताई कुणाचं ऐकायची नाही. एकदा दुकानातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या करायचे. चार तास धड दिसत नाही. मी म्हटलं, बस इथं. तर म्हणाली, एक पोर वाट बघतेय, चार वाजता उभं राहायचंय. भिंत धरून धरून गेली. रस्ता कसा ओलांडला कुणास ठाऊक."

"कधी हे?"

"झाली तीन वर्षं. गुरुवार होता, डॉक्टर गुरुवारीच येतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी गाद्या किती आहेत ते तिला दिसतच नव्हतं. बीमसुद्धा धड दिसत नसणार. टाचणीला आपण दिसावं म्हणून ती येऊन उभी राहिली होती. हे ती टाचणीला सांगू शकली असती, आईला दारात सांगू शकली असती. मला सांगू शकली असती. तीन वर्षं आम्ही एका खोलीत जेवलो.

तिथून उठले ती सरळ टाचणीच्या घरी गेले. दार आईनं उघडलं. तिनं मला ओळखलं. बातमी तिला कळलेली होती. "हिला सांगितलं नाही अजून," ती हळू आवाजात म्हणाली. "कसं सांगायचं कळेना."

टाचणी आता चौदा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा उंच. जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवत होती. ती कुठलाच खेळ खेळत नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. मावशी गेली ते. मग गाद्या मी काढल्या ते. मावशीला माहीत नव्हतं ते. थेंबांचंही. थांबत थांबत सांगितलं, वाक्यं धड होत नव्हती. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

टाचणीनं स्केचपेनचं टोपण लावलं.

"तुम्ही तेव्हा तिथंच होतात," ती म्हणाली.

"हो."

"टेबलाजवळ."

"हो."

"तिला कळलं होतं का, मी रागावलेय ते?"

"कळलं होतं."

"किती रागावलेय ते?"

मी नकाशाकडे बघितलं.

"मागच्या वर्षी ती मला रस्त्यात भेटली," टाचणी म्हणाली. "स्टेशनरीच्या दुकानाबाहेर. तिच्या हातात दोऱ्याची पिशवी होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं, तिला आधी नीट ओळखू आलं नाही बहुतेक. मग आलं. ती हसली. म्हणाली, केवढी झालीस." टाचणीनं आईकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. "मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मला वाटलं, तिला हेच मिळायला हवं."

आई पुढं आली आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. खांद्यावर हात ठेवायला गेली, पण ठेवला नाही.

"तुम्ही जा आता," टाचणी मला म्हणाली. रागानं नाही. थकलेल्या मोठ्या माणसासारखं. मी उठले. आईनं दार उघडून धरलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्यावर उभी राहिले. कुठल्या दिशेला जायचं ते बराच वेळ कळेना.